तिसऱ्या फेरीतला लिडस्ट्रॉम

आइस हॉकीतल्या बचावपटूची वाटचाल तुमच्या लेखात छान मांडलीय, पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, वरचा क्रमांक मिळाला तरच पुढं निभाव लागतो, हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. स्वीडनचा बचावपटू निकलास लिडस्ट्रॉम बघा. १९८९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट संघानं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, एकूण निवडीत ५३ वा. लगेच अमेरिकेला न जाता तो स्वीडनमध्येच खेळत राहिला, १९९१ ला गेला. मग २० हंगाम, चार स्टॅनले कप (तिथल्या लीगचं विजेतेपद), सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा! तेही धडका मारून नव्हे, जागा धरून आणि स्टिक नेमक्या वेळी घालून.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांच्या फुटबॉललाही गोल मारणाराच खांद्यावर. मागं बचाव करणाऱ्या पोरांकडं कोण बघतंय? त्यांना पिकायला वेळ द्या.

बचावपटू झ्डेनो चारावरही लिहा, तोसुद्धा १९९६ च्या ड्राफ्टच्या तिसऱ्याच फेरीतला.