काच झोपवायची नाय

गेल्या आठवड्यात एका लग्नात जेवताना शेजारचा माणूस बोलता बोलता म्हणाला, "हमालीच करायची तर शिकायचं कशाला, त्यात डोकं कुठं लागतं." पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसलो, पण पुढचा घास काही नीट उतरला नाही, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातनं जात नाहीये म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी झालीय, वेळ असेल तर वाचा.

मी १९९८ ते २०१३ चिपळूणला एका पार्सल ट्रान्सपोर्टच्या ब्रँचमध्ये बुकिंग क्लार्क होतो. मुंबई आणि भिवंडीहून रात्री गाडी सुटायची, कर्नाळा, सुकेळी, मग महाड, कशेडी, भोस्ते आणि शेवटी परशुराम घाट उतरून सकाळी आमच्या गोडाऊनला लागायची. तिथं माल उतरायचा, नग मोजायचे, बिल्टी (मालाची बुकिंग पावती) जुळवायची आणि मग छोट्या टेम्पोनी गुहागर, सावर्डा, संगमेश्वर, देवरुख अशा लायनींना पाठवायचं. काय नसायचं त्या गाडीत! औषधांचे बॉक्स, कापडाचे गठ्ठे, फरशा, तेलाचे डबे, पंप, ट्यूबलाईटी, शाळेची पुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, सलूनचे आरसे. गणपतीच्या आधी तर चाकरमान्यांचे इतके नग यायचे की पाय ठेवायला जागा नसायची. एकदा डोंबिवलीहून कुणीतरी गोधडीत गुंडाळून गावच्या भजनासाठी पखवाज पाठवलेला, बिल्टीवर मालाचं वर्णन "वाद्य १ नग", आणि ज्या वाडीत जायचा तिथला माणूस आठ दिवस रोज एसटी स्टँडवरनं फोन करून विचारायचा, आला काय आमचा पखवाज?

हे सगळं ज्यांच्या हातातनं जायचं ती आमची चार हमालांची टोळी. त्यातल्या वयस्काला सगळे तात्या म्हणायचे, ड्रायव्हर पण आणि मॅनेजर पण. शाळा चौथीपर्यंत. पण गाडीची लावणी, म्हणजे गाडीत माल कसा रचायचा, हे मला त्या माणसाने शिकवलं, कंपनीने नाही. कंपनीने मला फक्त बिल्टी फाडायला शिकवलं.

गुहागर लायनीचा टेम्पो भरायचा म्हणजे बघा. आधी मार्गताम्हाने लागतं, मग शृंगारतळी, मग गुहागर. म्हणजे गुहागरचा माल सगळ्यात आधी आत आणि मार्गताम्हान्याचा सगळ्यात शेवटी दाराशी, हे कुणालाही कळेल. पण गुहागरला जर नुसत्या हलक्या खोक्यांचा माल असेल आणि मार्गताम्हान्याला सिमेंटचा पाईप किंवा लोखंडी खिडक्या असतील तर काय करायचं? जड सगळं मागे दाराशी आलं तर वळणाला टेम्पोचं ढुंगण फिरतं आणि पुढचं चाक हलकं पडतं. तात्या चहा पिता पिता बिल्ट्यांचा गठ्ठा माझ्याकडनं वाचून घ्यायचे, एकदाच, आणि डोळे मिटून बसायचे दोन मिनिटं. मग उठून सांगायचे, खिडक्या उजव्या फळीला उभ्या, पुढपर्यंत, दोराने बांधून, खोकी डावीकडे, मधे गल्ली ठेवा. म्हणजे मार्गताम्हान्याला खिडक्या दोर सोडून सरकवत बाहेर येतात आणि बाकीच्या मालाला हात लागत नाही. चाळीस-पन्नास नगांचा नकाशा त्या दोन मिनिटात डोक्यात तयार. हे डोकं नाही तर काय आहे?

काचेचं तर वेगळंच. मी नवीन असताना एकदा आरशाचा बॉक्स आडवा ठेवायला सांगितला, मला वाटलं आडवा म्हणजे सेफ, पडायला जागाच नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, काच झोपवायची नाय. काच उभी प्रवास करते. झोपली की फुटली." नंतर कळलं की आडव्या काचेला खड्ड्यात मधोमध हिसका बसतो आणि वर ठेवलेल्या मालाचं वजन पण तिथंच येतं, उभ्या काचेला कड असते ती भार घेते. तेलाचे डबे तोंड वर. औषधं कधीच ताडपत्रीच्या कडेला नाहीत. सुकट, बोंबील असलेला नग चहापावडर आणि कापडापासून जितका लांब ठेवता येईल तितका, नाहीतर दुकानदार माल परत पाठवतो आणि त्याचं चुकत पण नाही. आणि प्रत्येक खोकं उचलायच्या आधी ते बोटाच्या मागच्या बाजूने दोनदा टकटक करायचे, कान लावून. आतून बोलतं का बघतोय म्हणायचे.

ताडपत्री बांधणं हे अजून एक काम जे बाहेरच्याला दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात घाटात वारा समोरनं येतो. दोन ताडपत्र्या, पुढची वर आणि मागची तिच्या खाली, म्हणजे घडी मागच्या बाजूला उघडी राहते आणि वाऱ्याचं पाणी आत घुसत नाही. उलटी टाकली तर परशुराम घाट उतरेपर्यंत आतले कापडाचे गठ्ठे पिळून काढावे लागतील. दोराची गाठ अशी मारायची की भिजल्यावर घट्ट होईल पण सोडताना एका झटक्यात सुटेल. मी पंधरा वर्षांत ती गाठ शिकलो नाही.

एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या. संध्याकाळी भरायच्या म्हणजे पहाटे वाशीच्या मार्केटला लागतील. लाकडी पेटी, आत पेंढा, वर बागायतदाराचा मार्का. इथं उलट नियम, इतर माल घट्ट लावायचा आणि आंबा मोकळा. एकावर एक पेट्या पण मधून वारा फिरेल अशा, कारण आंबा गरम होतो, अक्षरशः गरम होतो, तात्या फळ्यांच्या फटीत हात घालून सांगायचे ही लाईन तापतेय, इथली एक पेटी काढा. ड्रायव्हरला दम भरायचे, पाऊस नसेल तर ताडपत्री पूर्ण ओढू नको. एका बागायतदाराची वर्षाची कमाई त्या रात्रीच्या लावणीवर असते राव, आणि त्याला ते माहितीच नसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलो ती. आमच्या बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असायचं, माल मालकाच्या जोखमीवर. गिऱ्हाईक घाबरायचं. पण कायदा तसा नाही. १८६५ चा कॅरिअर्स अ‍ॅक्ट होता तेव्हाही माल नेणाऱ्यावर जबाबदारी होती, आणि त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट आला, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला, त्यातही आहे. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, हे ज्यांचा माल येतो-जातो त्यांनी लक्षात ठेवा. म्हणजे कायद्याने भरपाई ट्रान्सपोर्टवाल्याने द्यायची. आमची कंपनी ती द्यायची पण, कटकट करून का होईना. पण मग तेच पैसे कुठून काढायची? हमालांच्या हजेरीतनं. वहीत एक रकाना होता, "डॅमेज कपात". तो मी भरायचो.

२००३ च्या ऑक्टोबरात भिवंडीहून सलूनच्या आरशांचा मोठा बॉक्स आला. तिकडच्या गोडाऊनला कुणीतरी आडवा भरलेला, वर फरशीची खोकी. पावसाळ्यानंतरचे हायवेचे खड्डे तुम्हाला माहितीच आहेत, त्यात कशेडी. इथं गाडीचा फाळका उघडल्या उघडल्या तात्यांनी बॉक्स न उचलता मला हाक मारली, टकटक करून दाखवलं, आतून काचेचा खळखळ आवाज. म्हणाले, "बाळा, आत्ताच मेमोवर लिही, आतून आवाज हाय म्हणून. मग उतरवतो." मेमो म्हणजे गाडीबरोबर आलेल्या मालाचा कागद. मॅनेजर मागे उभे होते. ते म्हणाले लिहायची गरज नाही, आधी गाडी खाली करा, उशीर होतोय. मी लिहिलं नाही. दोन ओळींचं काम होतं. महिनाअखेरीला चिपळूण ब्रँचला डॅमेज सापडलं म्हणून चार जणांत मिळून ३४० रुपये कापले, आणि तेव्हा नगामागे दीड रुपया मिळायचा, म्हणजे हिशोब करा किती नग उचलले की ३४० होतात. तात्या सही करायला आले तेव्हा काहीच बोलले नाहीत. अंगठा नाही, सही करायचे ते, हळूहळू, पूर्ण नाव.

महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ सालचा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी कामगारांची संघटना उभी केली, लढे दिले, त्यातनं मंडळं झाली, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाने लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरायची, त्यातनं फंड, रजा, बोनस, औषधपाणी. देशात असा कायदा आधी कुठं नव्हता म्हणून आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण आमच्या ब्रँचमध्ये पंधरा वर्षांत एकाही हमालाची नोंदणी झालेली मी बघितली नाही. कागदावर ते आमचे कामगारच नव्हते, मुकादमाची टोळी होती. वाशीला आंब्याची पेटी उतरवणाऱ्याला फंड, आणि तीच पेटी चिपळूणला चढवणाऱ्याला काही नाही. पेटी एकच, वजन पण तेच.

मग २००५ चा २६ जुलै. मुंबईचं सगळ्यांना आठवतं, पण त्या पावसात वाशिष्ठीने चिपळूणच्या बाजारपेठेत पण पाणी घातलं होतं. संध्याकाळी गोडाऊनच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा आम्ही पाच जण होतो, मी आणि ते चौघे. मॅनेजर सुट्टीवर. रात्रभर माळ्यावर माल चढवला. आधी औषधं, मग कापड, मग पुस्तकं, हा क्रम पण तात्यांनीच लावला, फरशा आणि पाईप राहू देत म्हणाले, त्यांना पाण्याचं काय. साखरेची १०० किलोची पोती दोघांत मिळून कमरेएवढ्या पाण्यातनं जिन्याने वर. लाईट गेलेली, एक बॅटरी, ती मी धरलेली. पहाटे कधीतरी कुणीतरी तात्यांना म्हणालं की तुमच्या वाडीत पाणी शिरलंय. ते म्हणाले, "आता जाऊन काय करू, वाट तर पाण्यात हाय. हे तरी वर घेऊ." त्यांच्या घरातलं तांदळाचं पिंप, भांडी, मुलीची दहावीची पुस्तकं सगळं गेलं. आमच्या गोडाऊनमधली पुस्तकं वाचली, ती कोरडी शाळेत पोचली.

कंपनीला जे थोडं नुकसान झालं त्याचा विमा मिळाला. आणि पुढचे सहा दिवस रस्ता बंद, गाडी नाही, नग नाहीत, म्हणून हजेरीत सहा दिवस शून्य. ती रात्र पण शून्य, कारण माळ्यावर चढवलेला माल बुकिंगमध्ये येत नाही, त्याला नगाचा रेट नाही. मी मॅनेजरना विचारलं होतं, हे मात्र विचारलं, की त्या रात्रीचं काय लिहू. ते म्हणाले, नियमात बसत नाही. आणि मी शून्य लिहिलं. चार नावांपुढे, माझ्या अक्षरात.

तात्या २०१० नंतर कामावर यायचे बंद झाले, कंबर गेली. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणमध्ये २००५ पेक्षा किती तरी मोठा पूर आला तेव्हा ते हयात नव्हते, त्यांची मुलगी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती म्हणून वाचली, हे तिने मला नंतर सांगितलं.

तर त्या पंगतीतल्या माणसाला मला सांगायचंय की तुमच्या घरातली प्रत्येक टाईल, तुमचा आरसा, पोराची पुस्तकं कुणीतरी डोळे मिटून, विचार करून लावली म्हणून न फुटता आलीत. आणि आत्ता ज्यांची गोडाऊनं आहेत, कोकणात खूप झालीयत, त्यांना हात जोडून विनंती आहे की लावणी करणाऱ्या माणसांची नोंदणी करा, ते अवघड नाही, इच्छा पाहिजे. आणि क्लार्क लोकांनो, हमाल म्हणाला आतून आवाज येतोय तर मेमोवर लिहा. मॅनेजर काहीही म्हणो. मी नाही लिहिलं.

२००५ च्या पुरानंतर भिजलेल्या वह्या फेकून द्यायला सांगितलेल्या. त्यातल्या दोन हजेरीवह्या, २००२ ते २००५ च्या, मी घरी नेऊन पत्र्यावर वाळवल्या. पानं चिकटलीत, कडेची शाई पसरलीय, पण नावं आणि सह्या वाचता येतात. तेव्हा चिपळूणला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला ज्यांचे वडील, काका कामाला होते, त्यांना काम केल्याचा पुरावा म्हणून कुठं उपयोग होणार असेल तर मला मेसेज करा. रविवारी मी घरीच असतो. पानं तुमच्या समोर उघडू आणि झेरॉक्स काढून देतो. तात्यांच्या मुलीला दिलीय.