घरात कचरा नकोय ना? मग दाराबाहेर ठेवा की!

शहरात कचरा किती वाढलाय हे ऐकून ऐकून कान किटले असतील तुमचे. पण खरं सांगा, तुमच्या घरात आहे का कुठे कचरा? रात्री पिशवीला गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, सकाळी पिशवी गायब. म्हणजे घरातला कचरा शून्य, तोही रोजच्या रोज! लोक उगाच शिबिरं भरवतात.

तरीही कुणी फारच मागे लागलं तर पुढचे उपाय करा, माझ्या अनुभवाचे आहेत.

ओला-सुका वेगळा करायच्या फंदात अजिबात पडू नका. सगळं एकत्रच ठेवा आणि वरून खरकटं ओता म्हणजे सुका कागदपण ओला होतो आणि वेगळं करायला काही उरतच नाही. तेलाने माखलेला खोका असेल तर तो मुद्दाम चांगल्या पुठ्ठ्यांच्या मधोमध खुपसा. कागदाचा धागा तसाही ५-७ वेळा लगदा होऊन आखूड पडतो आणि मग निकामी होतो, तुम्ही त्याला पहिल्याच फेरीत मोकळं केलंत, पुण्यच लागेल.

"ओलं काय, मातीत जाऊन मातीच होणार" हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठेही चालतं. डंपिंगच्या ढिगाखाली हवा पोचत नाही, मग तिथे माती वगैरे न होता ते नुसतं सडतं आणि मिथेन सोडतं, तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि ढिगातून जे काळं पाणी पाझरतं ते खाली जमिनीत उतरतं, पण मिथेन दिसतो का? नाही. काळं पाणी तुमच्या नळाला येतं का? अजून तरी नाही. मग झालं तर!

कंपोस्ट मात्र एकदा करून बघाच, कारण न करता नावं ठेवणं बरं दिसत नाही. ऑनलाइन डबा मागवा, तो थर्माकोल, बबल रॅप आणि दोन खोक्यांतून येईल, ते सगळं फेकून द्या (याला म्हणतात पर्यावरणासाठी गुंतवणूक). मग त्यात फक्त सालं आणि खरकटं टाकत राहा, वाळका पाला, भुसा, कागदाचे तुकडे असलं काही चुकूनसुद्धा घालू नका, नाहीतर ते नीट होईल आणि मग कायमचं गळ्यात पडेल. आठवडाभरात वास सुटतो, अळ्या होतात, घरचे बोंबलतात आणि तुम्ही आयुष्यभर "आम्ही पण केलंय, नाही जमत हो" म्हणायला मोकळे.

आता प्लास्टिक. डब्याच्या बुडाला बाणांचा त्रिकोण असतो ना, तो दिसला की डोळे झाकून रिसायकलच्या डब्यात टाका. आतला १ ते ७ मधला आकडा वाचायचा नाही. १९८८ पासून तो आकडा फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे एवढंच सांगतो आणि ७ म्हणजे तर 'इतर', पण एवढे छान बाण काढलेत ते काय उगाच? २०१५ पर्यंत जगात जेवढं प्लास्टिक कचऱ्यात गेलं त्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं, म्हणजे ९१ टक्के जनता तुमच्या बाजूने आहे, बहुमत आहे राव! काळे ट्रे तर हमखास टाका, वर्गीकरणाच्या बऱ्याच मशीनच्या इन्फ्रारेड सेन्सरला काळा रंग दिसतच नाही. आणि पातळ पिशव्या विसरू नका, त्या मशीनच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळल्या जातात, मग सगळं बंद करून माणसांना आत शिरून सुरीने कापून काढाव्या लागतात. तेवढाच त्यांना चेंज.

अॅल्युमिनियमच्या कॅनचा मात्र मोह होतो, कबूल करतो. नवं बनवण्यापेक्षा जुनं वितळवायला साधारण ९५ टक्के कमी ऊर्जा लागते म्हणे. तर त्यात सिगारेटची थोटकं भरा, मोह जातो.

वस्तूच कमी घ्यायच्या, असा एक आचरट सल्ला पण फिरत असतो. त्यापेक्षा कापडी पिशव्या घ्या. प्रत्येक वेळी नवीन, कारण आधीच्या घरी विसरतात. माझ्याकडे आत्ता एकतीस आहेत. त्यातल्या तीस एकीत भरून ठेवल्यात.

शेवटचं म्हणजे ती फुगलेली पॉवर बँक. ई-कचरा वेगळा द्यायचा असतो हे तुम्हाला माहितीये, पण त्यासाठी चौकशी करा, कुठेतरी नेऊन द्या, एवढा वेळ कुणाला आहे. जुन्या टीशर्टात गुंडाळा आणि रोजच्या पिशवीत सालांच्या खाली दाबून टाका. गाडीत कचरा दाबताना लिथियमची बॅटरी चिरडली की पेट घेते, पण तोवर ती तुमच्या घरात नसते ना. आणि समजा उद्या गाडीच आली नाही, परवाही आली नाही, आतून जळाली म्हणून दुरुस्तीला गेलीये असं कुणी सांगितलं, तर गप्प बसू नका. फोन लावा आणि चांगलं खडसावून विचारा, टॅक्स भरतो आम्ही, पिशवी दोन दिवस दारात पडलीये, वास किती येतोय माहितीये का?