जाड ‘मदर’ म्हणजे चांगलं व्हिनेगर? नाही!

‘मदर’ म्हणजे व्हिनेगरावर धरणारा जिवाणूंचा थर. ‘मदर जितकी जाड, तितकं व्हिनेगर अस्सल. मदर कुठलीही घाला, जिवाणू एकच. आणि जितके दिवस ठेवाल, तितकं ते आंबट होत जाईल.’ हा निरोप घरी व्हिनेगर करणाऱ्यांच्या गटांतून सारखा फिरतोय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यापायी लोकांच्या भरलेल्या बरण्या वाया जातायत.

‘जिवाणू एकच’ हे आधी घेऊ. दह्याला कुणाकडचं विरजण आणायचं हे आपण पारखून ठरवतो, मग इथेच काहीही कसं चालेल? मद्यार्काचं अ‍ॅसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या कितीतरी जाती आहेत. अ‍ॅसिटोबॅक्टर पाश्चरियानस वर पातळ साय धरतो. जपानच्या कागोशिमा भागात उघड्यावर मांडलेल्या मातीच्या भांड्यांत तांदळाचं काळं व्हिनेगर होतं, ते त्याच्याच जिवावर. पण आम्ल फार वाढलं की तो दमतो. कारखान्याच्या टाक्यांत सतत हवा घुसळून १० टक्क्यांच्या वर आम्ल नेतात, तिथे कोमागाटेइबॅक्टर युरोपियससारखा सोशिक गडी लागतो. ग्लुकोनोबॅक्टरची ओढ साखरेकडे. तो ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतो, आणि त्याचा आंबटपणा सौम्य असतो. जात बदलली की चव बदलते, ती अशी.

आता जाड मदर. तो थर सेल्युलोजचा, म्हणजे कापसात असतो त्याच द्रव्याचा असतो, हे ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1886 सालीच दाखवून दिलं. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर सेल्युलोज विणणाऱ्या जिवाणूचा असाच थर मुद्दाम वाढवतात आणि त्याचे चौकोनी तुकडे पाकात घालून ‘नाटा डी कोको’ म्हणून खातात. तिथे थर हाच माल आहे, आपल्याला मात्र खालचं पाणी हवंय! मी एकदा माडीतली गोडी पुरती उतरायच्या आत बरणीला फडकं बांधलं. महिन्याभराने बोटभर जाडीचा रबरासारखा थर निघाला, कापायला सुरी लागली. शेजारच्या बरणीतली माडी आधी पुरती आंबलेली होती. तिच्यावर सुरकुतलेली, कागदासारखी पातळ साय होती, आणि आंबट तीच जास्त निघाली. साखर सेल्युलोज विणण्यात गेली की तिचा मद्यार्क होत नाही, आणि मद्यार्क नाही तर आम्ल कुठून येणार?

सगळ्यात घातक तिसरी गोष्ट. मद्यार्क संपला की अ‍ॅसिटोबॅक्टर उपाशी बसत नाही. स्वतः केलेलं अ‍ॅसिटिक आम्लच जाळून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो. म्हणजे उघडी बरणी ठेवाल तितकी फिकी पडत जाते. म्हणूनच कारखानेसुद्धा थोडा मद्यार्क शिल्लक असतानाच व्हिनेगर काढून घेतात. आपल्याकडे विकायच्या व्हिनेगरात किमान 3.75 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लागतं. विसरलेली बरणी त्याच्याही खाली जाऊ शकते. गोव्यात सुरेच्या, म्हणजे माडीच्या व्हिनेगरावर कोळंबीचं बालचांव हे लोणच्यासारखं तिखट कालवण टिकवतात, ते त्यातल्या आम्लाच्या भरवशावर. फिकं पडलेलं व्हिनेगर त्यात ओतलं तर कोळंबी नासेल, आणि खाणारा आजारी पडेल.

तेव्हा चव रोज घ्या. आंबटपणा वाढायचा थांबला की त्याच दिवशी गाळा, बाटल्या गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहू देऊ नका, बूच घट्ट लावा. पुढच्या खेपेचं विरजणही त्याच बाटलीतून घ्या, जिचा वास आणि चव तुम्हाला स्वतःला आवडलीय.