जागा सोडायचे पैसे

मी ३७ वर्षं बँकेत नोटा मोजल्या. त्यामुळे "मामा, गौरी-गणपतीचे आठ दिवस फक्त गल्ल्यावर बसा, फुलांना हातही लावू नका," असं भाचा म्हणाला तेव्हा मी निर्धास्त होतो. फुलांशी माझा संबंध निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या बुकेपुरता. तोही मी रिक्षात विसरलो होतो.

पहिल्याच पहाटे भाच्याने मला स्कूटरवर मागे घालून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेलं. झेंडू-शेवंतीची पोती किलोवर, गुलाब-जरबेरा गड्डीवर. मी सवयीने गुलाबाची गड्डी मोजायला घेतली. विसाव्या फुलाला पोचेपर्यंत अंगठ्यात काटा गेला होता आणि व्यापाऱ्याने भाव वाढवला होता. येताना झेंडूचं पोतं माझ्या मांडीवर. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी पोत्याला नमस्कार केला. निदान मी तरी तसं समजतो.

दुकानात हार-गजऱ्याला मावशी होत्या. गजरा ही वस्तू जवळून बघेपर्यंत मला सोपी वाटायची. डाव्या हाताच्या चिमटीत चार कळ्या, दोघींची तोंडं इकडे, दोघींची तिकडे. उजव्या हाताने केळीच्या सोपाच्या ओल्या धाग्याचा फास टाकायचा आणि ओढायचा. कमी ओढला तर कळ्या गळतात, जास्त ओढला तर देठ तुटतात. मावशी हे रस्त्यावरचं भांडण बघत बघत करायच्या. मी जीभ बाहेर काढून तासाभरात वीतभर गजरा केला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, "साहेब, हा डोक्यात नाही चालायचा. बैलपोळ्याला ठेवू."

घोळ झाला तिसऱ्या दिवशी दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं. बादलीत उरलंसुरलं पडलं होतं: गुलछडीची एक तुटकी काडी, दोन अ‍ॅस्टर आणि मान टाकलेला एक जरबेरा. चाळा म्हणून मी ते चहाच्या पेल्यात खोचलं. गुलछडी उंच, अ‍ॅस्टर मध्ये, आणि जरबेऱ्याची मान काठावर रेललेली. तो हुबेहूब मार्चअखेरचा आमचा शाखाधिकारी दिसायला लागला. मी अ‍ॅस्टर जरा डावीकडे सरकवलं. मग उजवीकडे. मग एक काढूनच टाकलं, आणि काय झालं कोण जाणे, पेला एकदम जागच्या जागी बसल्यासारखा वाटला. दहा मिनिटं मी नुसता बघत होतो. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं दुर्वांच्या जुड्या उचलून पैसे न देता गेली. रोखपालाच्या आयुष्यात अशी तूट पहिल्यांदाच आली, आणि मला तिचं काही वाटलं नाही. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर मी गल्ल्यावर कमी आणि बादल्यांत जास्त. ग्रंथालयातून जपानी इकेबानाचं पुस्तक आणलं. तीन मुख्य काड्या: आकाश, माणूस, पृथ्वी. बाकी मोकळी जागा, आणि ती फुलांइतकीच महत्त्वाची. मी भाच्याला तसा नमुना करून दाखवला.

"मामा, तीन काड्यांचे पाचशे सांगितले तर गिऱ्हाईक आपल्यालाच काडी लावेल."

मावशींचा प्रश्न जास्त खोल होता. "जागा सोडायचे पैसे कोण देणार?"

खरंच कुणी देत नाही. आपल्याकडे बुके म्हणजे भरगच्च. वरून जिप्सोची बारीक पांढरी फुलं, चकचकीत कागद, त्यावर रिबीन. एका साखरपुड्याच्या टेबलासाठी मात्र भाच्याने मला मोकळं सोडलं. त्यासाठी तो हिरवा स्पंज आणला, फुलवाले ज्याला ओअ‍ॅसिस म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेली चीज. ती पाण्यावर नुसती ठेवायची असते, आपोआप बुडू द्यायची असते. मी कामसू माणूस. दोन्ही हातांनी दाबून बुडवली. दाबली की आत हवा अडकते आणि पोट कोरडंच राहतं, हे मला संध्याकाळी कळलं. सगळे जरबेरे माना खाली घालून बसले होते. मुलीकडचे म्हणाले, "फुलं इतकी का लाजतायत?" भाच्याने अर्धे पैसे परत केले.

आणि मग ते आजोबा. "हे विलायती जरबेरे-फिरबेरे नकोत. आपली अस्सल पारंपरिक फुलं द्या. झेंडू, गुलछडी." पुस्तकं वाचल्याचा हा तोटा. मी म्हणालो, "आजोबा, दोन्ही मूळची मेक्सिकोची." भाच्याने काउंटरखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. आजोबा माझ्याकडे बघत राहिले, मग झेंडूकडे. शेवटी नुसत्या दुर्वा घेऊन गेले.

आठ दिवस संपले. भाच्याने मला पगार, पेढे आणि बजावून ठेवलेला निरोप दिला: "मामा, आता आराम करा." पण नजर बिघडली ती बिघडलीच. लग्नात गेलो तर मी स्टेजच्या मागे जाऊन निशिगंध सरळ करतो. एका दहाव्याला फोटोवरचा हार दोन बोटं डावीकडे घेतला, तर मृताच्या थोरल्या चिरंजिवांनी मला डेकोरेशनवाला समजून बिल विचारलं.

घरी रोज एक रचना असते. फुलं महाग, म्हणून हिरवळ फ्रिजमधून. परवा तांब्यात एकच शेवंती, पालकाची दोन पानं आणि कढीपत्त्याच्या तीन डहाळ्या लावल्या. आकाश, माणूस, पृथ्वी. आतून फोडणी तडतडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ ही.

"अहो, कढीपत्ता कुठंय?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने तांब्यातली मधली डहाळी उपसली, नळाखाली धरली आणि आत निघून गेली. मी उठलो, ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. डहाळी गेल्यावर शेवंतीभोवती मोकळी जागा झाली होती. अगदी जिथे हवी होती तिथे.

"आणखी एक घेऊ का?" आतून आवाज आला.

"नको," मी म्हणालो. "आता हात लावू नकोस."