सात महिन्यांची खपली

मामांच्या ओठाच्या कॅन्सरबद्दल बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेय. आधी मामांना विचारलं, लिहू का? म्हणाले, "लिही, पण माझा फोटू टाकू नको."

मामांच्या ओठावरची खपली सगळ्यात आधी दिसली ती त्यांच्या गावातल्या सलूनवाल्याला. मागच्या दिवाळीत दाढी करताना वस्तरा खालच्या ओठाजवळ आला आणि त्याचा हात थांबला. म्हणाला, "तात्या, हे मागच्या खेपेलाबी होतं. दवाखान्यात दाखवा." मामा म्हणाले, "उष्णता हाय रे, जाईल."

तेव्हा ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती.

मामांची जमीन मंगळवेढ्याकडची, काळी, मालदांडीची. उभा जन्म उन्हात गेला. डोक्याला टापशी असायची, पण खालच्या ओठावर सावली कशाची पडणार? शिवाय चाळीस वर्षांची तंबाखूची सवय. चुना मळून बार धरायचा तोही खालच्या ओठाच्या आतच, डाव्या बाजूला. खपली आली ती त्याच बाजूला, ओठाच्या लाल कडेवर. चार दिवसांनी ती निघायची, खाली ओलसर लाल जागा दिसायची, टिपूसभर रक्त यायचं, आणि पुन्हा खपली. मामा ती अंगठ्याच्या नखानं काढायचे. बोलता बोलता, नकळत.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मामा आमच्याकडे सोलापुरात मुक्कामाला होते. रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. शेंगाची चटणी म्हणजे मामांचा जीव. पण त्या रात्री त्यांनी चटणीला हात लावला नाही. भाकरीचा बारीक चुरा केला, दुधात भिजवला आणि उजव्या गालानं खाल्ला. मी विचारलं तर म्हणाले, "ओठाला झोंबतंय जरा." मी काय केलं? फ्रीजमधून साजूक तूप काढलं आणि म्हटलं, झोपताना लावा. मी शिकलेली बाई, शाळेत विज्ञान शिकवते. जे सलूनवाल्याला दिसलं ते मला समोर बसून दिसलं नाही. हे मला आयुष्यभर टोचत राहणार आहे.

मधल्या महिन्यांत दोन दवाखाने झाले. एकीकडे मलम मिळालं, दुसरीकडे बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि "तिखट बंद करा". माझा राग तिथेच आहे. दोन्हीकडे कुणी मामांना उजेडात बसवलं नाही, हातमोजा घालून त्या जागेला बोट लावलं नाही, किती दिवस झाले असं विचारलं नाही. साठी ओलांडलेला, उन्हात राबणारा, तंबाखू खाणारा माणूस ओठावरची न भरणारी जखम घेऊन समोर बसलाय, आणि त्याच्या हातात मलमाची ट्यूब दिली जाते!

मे महिन्यात एका लग्नासाठी मामा सोलापुरात आले आणि योगायोगानं दाढ दुखायला लागली, म्हणून मी त्यांना दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दाढेकडे नंतर बघितलं. आधी दिवा ओठावर घेतला. एक बोट ओठाच्या आतून, एक बाहेरून लावून ती जागा दाबून पाहिली. मग हनुवटीखाली, जबड्याच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना चाचपलं. मला म्हणाल्या, "हात लावून बघा." मी हातमोजा घालून बघितलं. बाकीचा ओठ मऊ आणि तेवढी जागा आतून कडक, ताकातल्या भिजल्या भाकरीत न भिजलेला तुकडा लागावा तशी. "याचा तुकडा काढून तपासायला हवा," त्या म्हणाल्या, "याच आठवड्यात."

घरी एकच गलका झाला. लोखंड लावू नका! लोखंड लागलं की वणव्यासारखं पसरतं! आमच्याकडे हे वाक्य तीन पिढ्यांपासून चालत आलंय. मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, तेच इथे सांगते. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. ज्याचा तुकडा काढल्यावर "पसरला" असं आपण म्हणतो, तो माणूस बहुतेक वेळा पसरल्यावरच दवाखान्यात पोचलेला असतो. ओठाची बायोप्सी म्हणजे जागा बधिर करायचं इंजेक्शन, जखमेच्या कडेचा छोटा तुकडा आणि एक-दोन टाके. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्यासाठी मागवलेला चहा अजून गरम होता.

आठवड्यानं रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर.

ओठाचा कॅन्सर बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो आणि बहुतेक वेळा खालच्याच ओठावर होतो, कारण ऊन खालच्या ओठावर थेट पडतं. तंबाखू, विडी आणि दारू त्यात भर घालतात. वरच्या ओठावर तुलनेनं बेसल सेल हा कातडीच्या कॅन्सरचा प्रकार जास्त दिसतो. तो हळू वाढतो आणि सहसा लांब जात नाही, पण सोडून दिला तर जागच्या जागी कुरतडत जातो. कॅन्सर होण्याआधीही ओठ इशारा देतो. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेला खालचा ओठ कायम कोरडा, खवलेदार, फिकट पडतो, आणि ओठ कुठे संपतो व कातडी कुठे सुरू होते ती रेघ पुसट होत जाते. पांढरा चट्टा उठतो आणि पुसून जात नाही. लाल मखमली चट्टा तर त्याहून धोक्याचा. मामांची ती रेघ किती वर्षांपूर्वी पुसली गेली कोण जाणे. आम्ही त्याला "रापलेला ओठ" म्हणायचो.

रिपोर्टनंतर मानेची सोनोग्राफी झाली, कारण ओठाचा कॅन्सर पसरला तर आधी हनुवटीखालच्या आणि जबड्याखालच्या गाठींमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) जातो. एक गाठ संशयास्पद वाटली, सुईनं पेशी काढून तपासली, त्यात काही निघालं नाही. त्या चार दिवसांत मामी जेवली नाही. ओठावरची गाठ मोजली तर २.२ सेंटीमीटर. २ सेंटीमीटरपर्यंत आणि फार खोल नसेल तर आजाराची पहिली पायरी (स्टेज), त्याच्या पुढे दुसरी. आम्ही दोन मिलिमीटरनं पहिली पायरी चुकवली होती.

ऑपरेशनमध्ये नुसती गाठ काढून चालत नाही, भोवतालचा निरोगी भागही थोडा काढावा लागतो, नाहीतर पेशी मागे राहतात. मामांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटीमीटर धरला. म्हणजे खालचा अर्ध्याहून जास्त ओठ गेला. मग उरलेला ओठ दोन्ही बाजूंनी, त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या शाबूत ठेवून, गोल फिरवून मध्ये आणला आणि शिवला. काम सुंदर झालं, ओठाला संवेदना आहे, तोंड मिटतं. पण तोंड लहान झालंय. डॉक्टर म्हणाले, पुढेमागे कवळी बसवायची झाली तर त्रास होईल. हीच खपली दिवाळीत दाखवली असती तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक पाचर काढून सरळ टाके घालता आले असते. साधारण एक तृतीयांशापर्यंत ओठ गेला तर तो नुसता जोडून भागतं, दुसरीकडून काही आणावं लागत नाही. सात महिन्यांचा हिशोब मी असा मांडते.

काहींना ऑपरेशनऐवजी किरणं देतात. वय फार असेल, भूल झेपणारी नसेल, किंवा ओठाच्या कोपऱ्याची अवघड जागा असेल तर ओठातच बारीक नळ्या घालून आतून किरणं देण्याची पद्धतही आहे. ऑपरेशननंतर कडेला पेशी राहिल्या, मानेत गाठी निघाल्या, नसेभोवती कॅन्सर दिसला तरी किरणं लागतात. मामांना लागली नाहीत. आणि फार उशीर झाला, आजार जबड्याच्या हाडात गेला, तर हाड काढून पायाचं हाड बसवायची वेळ येते. लवकर सापडला तर ओठाचा कॅन्सर हा सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे. अशा रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही चांगले असतात.

आता दुसरी गोष्ट. मामांचं हे चाललेलं असताना वहिनीनं, म्हणजे मामांच्या सुनेनं, आरशात स्वतःच्या खालच्या ओठावर काळसर ठिपका बघितला आणि तिची झोप उडाली. फोनवर शोधलं तर पहिलंच नाव आलं मेलानोमा, कातडीचा एक कॅन्सर. रात्री अकराला फोन करून रडली. दुसऱ्या दिवशी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी भिंगानं ठिपका बघितला आणि विचारलं, लग्नाचा अल्बम आहे का? घरून अल्बम आणला. सहा वर्षांपूर्वीच्या, हळदीच्या फोटोत तोच ठिपका, तिथेच, तेवढाच. सपाट, तपकिरी, कडा सरळ. ओठावरचे असे ठिपके बहुतेक निरुपद्रवी असतात. विडी-सिगारेटनं काळा पडलेला सगळा ओठ म्हणजेही मेलानोमा नव्हे. डॉक्टरांनी फोटो काढून ठेवला आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

पण मेलानोमा ओठावर होतच नाही असं नाही. तो कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्या लोकांत एकूणच दुर्मीळ, आणि झाला तर जास्त करून तळपाय, तळहात, नखाखाली किंवा तोंडाच्या आत, विशेषतः टाळू आणि वरच्या हिरडीवर. ओठावरचा ठिपका दोन बाजूंनी सारखा नाही, कडा वाकड्यातिकड्या आहेत, एकाच ठिपक्यात काळा-निळा-लाल असे दोन-तीन रंग आहेत, सहा मिलिमीटरहून मोठा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो बदलतोय, उंच होतोय, रक्त येतंय, तर एक दिवसही घालवू नका. काही मेलानोमा काळे नसतातच, गुलाबी गाठीसारखे दिसतात. यात शक्य असेल तर सगळा ठिपका काढूनच तपासतात, कारण तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं सगळं ठरतं: किती रुंद काढायचं, मानेतली पहिली गाठ, म्हणजे कॅन्सर पसरला तर जिथे आधी पोचतो ती, तपासायची का. जुनी केमोथेरपी यावर फारशी चालत नसे. आता शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारी औषधं आहेत. त्यामागच्या शोधासाठी २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. औषधं महाग आहेत, सगळ्यांना लागू पडतात असंही नाही, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी तीही नव्हती.

मला चीड येते ती "उष्णता" या शब्दाची. सोलापूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे, पारा ४२-४३ च्या घरात जातो, ओठ फुटतात, तोंड येतं. पण ते आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरतं. तीन आठवडे झाले तरी न भरलेली जखम उष्णतेची नसते. आणि तिचं दुखणं नसणं ही चांगली खूण नव्हे. मामांची तिखट लागलं की झोंबायची, एरवी कित्येक महिने दुखत नव्हती, म्हणूनच राहिली.

आपल्या आया-मावश्यांचं तर कुणी बघतच नाही. सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या बायका अजून घरोघर आहेत. विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं दिवसभर तंबाखूत असतात. त्यांच्या तोंडात दिवा लावून शेवटचं कधी कुणी पाहिलं? घरात विचारा. आर. आर. आबा फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा गावोगाव लोक हळहळले, आणि हळहळत तंबाखू मळत होते. मी तेव्हा मामांच्याच ओट्यावर होते.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तिची माणसं खेडोपाडी फिरून लक्षणं समजावून सांगत. इतक्या जवळ एवढं काम झालेलं असताना आपण ओठाला तूप लावत बसतो.

पैशाचं भय असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किरणं, केमो बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि ऑपरेशनच्या आधी भेटा. आमचं बहुतेक त्यातच झालं. तपासायला कुठे जायचं कळत नसेल तर सिव्हिलला जा, दाताच्या डॉक्टरांकडे जा. दंतवैद्य तुकडा काढून तपासायला पाठवू शकतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

मामांनी तंबाखूची चंची ऑपरेशनच्या आदल्या रात्री मामीच्या हातात दिली. मामीनं ती चुलीत घातली. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी तपासणी आहे, दर वेळी मान चाचपायची, ओठ बघायचा. चहा अजून बशीतूनच पितात, कोपऱ्यातून थोडा ओघळतो, खांद्यावरच्या पंच्यानं टिपतात.

मागच्या आठवड्यात ते दाढी करायला गेले होते. सलूनवाल्यानं खुर्ची उजेडाकडे वळवली आणि आधी मामांची हनुवटी वर करून टाक्यांची जागा नीट बघितली. मग साबण लावला.