शहजाद्याने सुभा कसा सांभाळावा

मुघल बादशहाच्या पोटी जन्म घेऊन अर्धं काम तुम्ही आधीच उरकलेलं आहे. उरलेलं अर्धं दुसरे लोक करतील. तुम्ही फक्त सुभ्याला जायचं.

वयाची अट नाही. अकबराने १५७७ मध्ये धाकट्या मुलाला, दानियालला, सहा हजारांची मनसब (दरबारातला दर्जा आणि पगार ठरवणारी पदवी) दिली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. सात वर्षांच्या मुरादला सात हजार, थोरल्या सलीमला दहा. भले भले सरदार हयातभर लढून पाच हजारांवर पोचले की धन्य होत. अशांशी जरा दिलदारपणे वागा. दात यायच्या वयात मनसब मिळणं ज्याच्या त्याच्या नशिबात नसतं.

सुभा मागायचाच तर दख्खनचा मागा. म्हणजे मागायचीही गरज पडत नाही, पाठवतातच. गादी एक आणि मुलगे तीन, त्यामुळे बापाच्या डोळ्यांना तुम्ही बऱ्हाणपूरला फार शोभून दिसता.

सोबत एखादा जुना, कसलेला सेनापती दिला जाईल. तो अब्दुर्रहीम खानखानान असेल तर पहिल्या मुक्कामापासूनच भांडायला लागा. मुरादने हेच केलं. १५९५ च्या अखेरीस अहमदनगरला वेढा पडला, आणि तटापलीकडच्या शत्रूपेक्षा छावणीतल्या सेनापतीशीच त्याचा जास्त उभा दावा होता. तटाखाली सुरुंग खणले, तर चांदबिबीच्या माणसांनी आतून शोधून काही निकामी केले. एक मात्र उडाला, भिंत ढासळली. आता आत घुसायचं, एवढंच बाकी. पण ती बाई तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत परत चढवून घेतली. अशा वेळी खट्टू होऊ नये. वऱ्हाड पदरात घेऊन तह करावा, बाळापूरजवळ शाहपूर नावाचं स्वतःचं गाव वसवावं आणि पेला भरावा. १५९९ मध्ये बापाने मुलाला परत आणायला आपला खास दरबारी अबुल फजल यालाच धाडलं. तो छावणीत पोचतो न पोचतो तोच पूर्णेकाठी शहजाद्याची सुभेदारी कायमची संपली. वय २८.

दानियाल त्यामानाने धोरणी. त्याने खानखानानशी भांडण केलं नाही, त्याला सासराच करून घेतलं. ऑगस्ट १६०० मध्ये नगरचा किल्लाही पडला. किल्ला पडला म्हणजे निजामशाही संपली, असं खुशाल धरून चाला. निजामशाहीचा सरदार मलिक अंबर परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवतोय, तिकडे बघू नका. बापाने कौतुकाने खानदेशचं नाव बदलून दानदेश केलं. १६०४ मध्ये विजापूरच्या आदिलशहाची लेक आली, पैठणला गोदाकाठी निका लागला. याहून सुभेदाराने आणखी काय करायचं?

प्यायचं. पण सासरा सेनापती असला की त्यात एक अडचण येते. बादशहाच्या हुकमावरून खानखानानने जावयाभोवती पहारा बसवला. दारू बंद म्हणजे बंद. आता इथे शहजाद्याची खरी कर्तबगारी लागते. दानियालची एक आवडती बंदूक होती, आणि ज्याला हिची गोळी लागेल त्याचा जनाजाच निघेल, अशा अर्थाचा स्वतः रचलेला शेर त्याने तिच्यावर कोरवून घेतला होता. त्याने आपल्या बंदूकवाल्याला गळ घातली, आणि त्याने दोनदा गाळलेली कडक दारू त्याच बंदुकीच्या नळीत भरून आत आणली. पहारेकऱ्यांना कसला संशय येणार? शहजाद्याकडे बंदूक चालली आहे. नळीतला गंज आणि वर्षानुवर्षांची दारूगोळ्याची पुटं मद्यात उतरली होती. शहजाद्याने ती घेतली आणि आडवा झाला. साल १६०५. शेर लिहिताना त्यात कोण मरणार हे कवीने नीट ठरवून ठेवावं, एवढंच.

ही हकीकत आपल्याला कुणी सांगितली? थोरल्या भावाने. सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला आणि आठवणी लिहिताना धाकट्याच्या व्यसनावर त्याने हळहळ केली. स्वतःचा हिशेबही त्याने प्रामाणिकपणे दिलाय: एके काळी दिवसाला वीस पेले, दोनदा गाळलेल्या दारूचेच, चौदा दिवसा आणि बाकीचे रात्री. तेव्हा दारू सोडा असं मी म्हणत नाही. तीच दारू, तोच बाप; पण सलीम अलाहाबादेत बंड करून बसला होता आणि त्याच्या नळ्या तपासायला सासरा नव्हता.

राहता राहिली मुलंबाळं. ती होऊ द्यावीत की नाही, याचा विचार सुभ्याला निघण्याआधीच करा. दानियालचे तहमूरस आणि होशंग हे मुलगे काकाच्या राज्यात मोठे झाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. १६२७ मध्ये जहांगीर वारला तेव्हा शाहजहान आपल्या जुन्नरला होता. तो आग्र्याला निघाला आणि वाटेतूनच त्याने लाहोरला आपल्या सासऱ्याकडे, आसफखानाकडे, एक फर्मान पाठवलं. त्यात मारायच्या शहजाद्यांची यादी होती, आणि ही दोन्ही नावं तीत होती. सुभा कुणी मागितलाच नव्हता.