फोटोत आहे तसेच आहे

साडेसहा फुटांचे लोखंडी कपाट ऑनलाइन विकायचे एकदा ठरले, की त्याचा फोटो काढण्यासाठी रात्रीच्या जेवणानंतरचीच वेळ निवडावी. सकाळी खिडकीतून येणारा मंद उजेड कपाटाचा खरा रंग उघडा पाडतो, आणि रंग राखाडी की हिरवट हा प्रश्नच घेणाऱ्याला पडला नाही, तर तो आपल्याशी बोलणार तरी कशाला? रात्री फ्लॅश मारला, की चकचकीत पत्र्यावर मधोमध पांढराशुभ्र गोळा उमटतो आणि हँडलजवळचे पोचे त्यात सुखाने झाकले जातात. दिवसाच फोटो काढणे भाग पडले, तर कपाट उघड्या खिडकीला पाठ लावून उभे करावे. कॅमेरा उजेडाचा हिशेब खिडकीवरून करतो, त्यामुळे कपाटाचा काळा ठोकळा होतो आणि आपल्याला जाहिरातीत ‘क्लासिक ब्लॅक’ असे निःशंकपणे लिहिता येते.

दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून पलंग हलवण्याच्या भानगडीत पडू नये. फोनमधली झिरो पॉइंट फाइव्हची, म्हणजे जवळूनही सगळे फोटोत मावण्याची, सोय अशाच प्रसंगासाठी आहे. कपाटाच्या अगदी पुढ्यात उभे राहून, हात उंच करून, फोन खाली झुकवला, की कपाट वर रुंद आणि खाली निमुळते, थेट भोवऱ्यासारखे दिसते. दाराबाहेर पॅसेजमध्ये उभे राहावे, फोन कपाटाच्या निम्म्या उंचीवर सरळ धरावा आणि दुप्पट झूम करावे, म्हणजे कडा सरळ येतात, असे काही उत्साही मंडळी सांगतात. त्यांना कपाट विकायचे नसून त्याचा सत्कार करायचा असावा.

कपाटाच्या दाराला आरसा असेल, तर आपण नेमके त्याच्यासमोर उभे राहावे. किंचित तिरपे झाले, की आपण आरशातून नाहीसे होतो आणि फोटोतला जिव्हाळाच जातो. मागच्या वर्षी अशाच एका फोटोत मला विकणाऱ्यांचे बनियन, खाटेवरचा घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग आणि भिंतीवरचे कालनिर्णय इतके स्वच्छ दिसले, की त्यांनी बुधवारी दूध घेतले नव्हते हेही समजले. कपाटात लॉकर आहे की नाही, एवढे मात्र समजले नाही.

फ्रिज असेल, तर वर्ष आणि विजेचे युनिट छापलेल्या स्टारच्या लेबलवर गणपतीचे मॅग्नेट लावावे. सोफा असेल, तर त्यावर आजोबांना बसवावे. आणि काहीही असले, तरी फोटो व्हॉट्सॲपवरून कोणाला तरी पाठवून, तिथे पोहोचलेलाच परत घेऊन टाकावा, म्हणजे ओरखडे आपोआप पुसट होतात.

मापांच्या बाबतीत ‘बऱ्यापैकी मोठे’ एवढा तपशील पुरेसा आहे. कपाटाला टेप लावून फूट-इंच दिसतील असा फोटो काढणे म्हणजे घेणाऱ्याला लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण आधीच मोजून ठेवण्याची संधी देणे होय, आणि कपाटाची खोली तर कोणीच विचारत नाही, निदान टेम्पो दारात येईपर्यंत तरी.

राहता राहिले पाय. गंज नेहमी तेथूनच चढतो, तेव्हा फोटो खालून चार बोटे कापणे उत्तम. त्या आरशाच्या कपाटासाठी मी टेम्पो घेऊन पोहोचलो, तेव्हा त्याच्या चौथ्या पायाच्या जागी एक वीट होती. मी विटेकडे बोट दाखवले. विकणारे गृहस्थ, त्याच बनियनमध्ये, शांतपणे म्हणाले, “फोटोत आहे तसेच आहे.” मी तेथेच फोन काढून फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. त्यांचे खरे होते. फोटोतही पाय नव्हता.